आकडा, उंबरा आणि विचारपूस

मराठीतला आकडा मुळात वाकडा. विंचवाच्या नांगीला आपण आकडा म्हणतो, पिळदार मिशांना आकडेबाज मिशा म्हणतो आणि विजेच्या तारेवर रात्री गुपचूप टाकलेल्या वायरीलाही आकडाच म्हणतो. संस्कृत कोशात ‘अंक’ उघडला की वाक, हूक, मांडी असे अर्थ भेटतात आणि त्यांच्याच ओळीत खूण, डाग, संख्येचे चिन्ह. हत्तीला आवरणारा अंकुश याच घराण्यातला. पूर्वी गुरांच्या कानांवर मालकीची खूण करत. पाणिनीच्या सूत्रांत अशा खुणांच्या कानांचा उल्लेख येतो. ज्याच्यावर अंक उमटला तो अंकित, आणि अंकित म्हणजे दुसऱ्याच्या कह्यातला, हा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे.

म्हणजे मोजले जाणे आणि ताब्यात जाणे यांची गाठ शब्दाने फार आधी बांधून ठेवली आहे. मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत ‘सर्व्हेवाले आले’ अशी हाक गल्लीतून जाते तेव्हा ही गाठ पुन्हा आवळली जाते. दारावर रंगाने नंबर टाकला जातो. त्या नंबराने पक्के घर मिळणार, की त्याच नंबराने हे घर पाडायच्या यादीत जाणार, हे दार उघडणाऱ्या बाईला माहीत नसते. ती जे उत्तर देते ते या धास्तीतून देते. पुढे संगणकात जे बसते ते हेच उत्तर, फक्त धास्ती वगळून.

विजेच्या आकड्याचेच पाहा. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज मीटरच्या आकड्यात येत नाही. रोहित्रातून किती युनिटे सोडली आणि त्यावरच्या ग्राहकांना किती युनिटांचे बिल आकारले गेले, यांची वजाबाकी केली की जे उरते त्याला वितरणातली गळती म्हणतात. कोणत्या रोहित्रावर, कोणत्या महिन्यात, किती वाजता गळती वाढते हे आता विश्लेषक काही मिनिटांत काढून देतो, आणि ते मोलाचे काम आहे. पण वस्ती आरक्षित जमिनीवर असल्यामुळे मीटरला लागणारी कागदपत्रेच जुळत नाहीत, किंवा घरमालक एका मीटरवरून पाच खोल्यांना मनमानी दराने वीज पुरवतो, या गोष्टी त्या वजाबाकीत कुठेच दिसत नाहीत. त्या कळायला खोलीत जाऊन बसावे लागते. गळती हा एकच शब्द लबाडीलाही लागतो आणि नाइलाजालाही. कारवाई करायची की कागदपत्रांचा नियम बदलायचा, हे मात्र त्यातले नेमके काय आहे यावर ठरते.

विदा-विश्लेषण, म्हणजे डेटाचे विश्लेषण, आणि समाजशास्त्र यांना शहराच्या कामात एकत्र आणावे, असे आता विद्यापीठांत आणि महापालिकांत बोलले जाते. दोन परकी माणसांची ओळख करून द्यावी तसे ते बोलणे असते. शब्दांचा इतिहास पाहिला तर ही दोघे एका घरातली आहेत. ‘संख्या’ हा शब्द ‘ख्या’ धातूपासून आला. ख्या म्हणजे सांगणे, प्रकट करणे. त्यापासूनच ख्याती, व्याख्या आणि आख्यान. कीर्तनकार पूर्वरंग संपवून उत्तररंगात लावतो ते आख्यान आणि शाळेतल्या पाटीवरची संख्या ही सख्खी भावंडे. संख्या म्हणजे सगळे नीट गोळा करून सांगणे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये संख्याशास्त्राचे नियतकालिक काढले आणि त्याचे नाव ‘संख्या’ ठेवले. भारतातली नमुना पाहणीची परंपरा ज्यांनी उभी केली, त्यांनी इंग्रजीतल्या नियतकालिकाला निवडलेले हे नाव मला फार नेमके वाटते.

सांगण्याचा हा भाग किती जुना आणि किती खरा आहे, ते नाशिकच्या पांडवलेणीत दगडावर लिहिलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली. त्यातले २,००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा आणि इतर गरजांचा खर्च भागवायचा. इतका तपशील दिल्यावर लेख सांगतो की हे सगळे निगमसभेत ऐकवले गेले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले गेले. ऐकवले गेले याला तिथला शब्द ‘श्रावित’. गावातल्या व्यापारी-कारागिरांच्या सभेत हिशेब मोठ्याने वाचला जातो, म्हणजे त्यात चूक असेल तर तिथेच कोणीतरी उठून बोलू शकतो. फलकाचा पुढे मराठीत फळा झाला. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या गोवर्धनच्या परिसरात सार्वजनिक हिशेब फळ्यावर लागत होता आणि कानावरही घातला जात होता.

त्या क्षत्रप शब्दाला जरा थांबून पाहावे असे आहे. प्राचीन इराणी भाषेत ‘ख्शथ्र’ म्हणजे राज्य, सत्ता. संस्कृत क्षत्र हा त्याचा भाऊ. राज्य राखणारा तो क्षत्रप. इराणातला तो ‘ख्शथ्र’ झिजत झिजत फारसीत ‘शहर’ झाला आणि हजाराहून अधिक वर्षांनी पुन्हा दख्खनेत आला. नहपानाच्या पदवीत आणि पुणे शहर, सोलापूर शहर या आपल्या रोजच्या बोलण्यात एकच मूळ दोनदा येऊन बसले आहे. शहर म्हणजे आधी सत्तेचा पल्ला, वस्ती हा त्याचा नंतरचा अर्थ. गावाला असे नाही. वस्ती तर सरळ ‘वसणे’ या क्रियापदातून आलेली. सत्तेला शहर दिसते आणि माणसाला वस्ती. एकाच जागेची ही दोन नावे आजही एकमेकींशी भांडतात.

सत्ता कशी मोजते, ते कौटिल्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराच्या कारभाराचा अध्याय आहे. त्यात दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एक ‘गोप’ नेमायला सांगितले आहे. त्याने आपल्या हद्दीतल्या बायका-पुरुषांची जात, गोत्र, नाव, काम, एकूण संख्या, आणि त्यांचा आय-व्यय जाणून असावे. नगराच्या एका चतुर्थांशावर जो अधिकारी, तो ‘स्थानिक’. आणि सगळ्या नगरावर जो, तो ‘नागरिक’. वर्तमानपत्रात रोज वाचतो आपण: स्थानिक नागरिकांनी महापालिकेकडे तक्रार केली. या वाक्यातले स्थानिक आणि नागरिक हे दोन्ही शब्द एकेकाळी हुद्दे होते. ते मोजणाऱ्यांचे होते; आज मोजल्या जाणाऱ्यांचे झाले आहेत. लोकशाहीचे मराठीतले याहून सुंदर शब्दचिन्ह मला माहीत नाही. गंमत म्हणून मी हे सांगत नाही. शब्द बदलला, तर हक्कही बदलायला हवा होता. पूर्वीचा नागरिक नोंदवही ठेवत होता. आताच्या नागरिकाला आपल्याबद्दल त्या वहीत काय लिहिले आहे, ते वाचायला मिळते का?

डेटा या शब्दाबद्दल थोडक्यात. लॅटिनमध्ये ‘दातुम’ म्हणजे दिलेले. आपला ‘दत्त’ त्याचा सख्खा. शाळेच्या पुस्तकात त्याला सामग्री म्हणतात, जाणकार मंडळी विदा म्हणतात, आणि कचेरीत सगळे डेटाच म्हणतात. ‘दिलेले’ हा अर्थ फसवा आहे, कारण शहराची बरीचशी माहिती कोणी देत नाही, ती घेतली जाते. मराठी क्रियापदांना हे ठाऊक आहे: आपण माहिती घेतो, मिळवतो, एखाद्याची माहिती काढतो. आणि ‘माहिती’ हा शब्द कोशकार ज्या अरबी ‘माहियत’पर्यंत नेतात, त्याचे मूळ एक प्रश्न आहे. मा हिय? हे काय आहे? दत्त म्हणजे हातात आलेली वस्तू. माहिती म्हणजे तिच्याकडे पाहून विचारलेला प्रश्न. मला माहिती हा शब्द आवडतो तो त्यासाठी.

हा प्रश्न विचारायचा राहिला की काय होते, याचे बॉस्टनचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथल्या महापौरांच्या कार्यालयाने २०१२ च्या सुमारास मोबाइलवर चालणारे एक ॲप आणले. गाडीला धक्का बसला की फोनमधला संवेदक तो टिपणार आणि खड्डा कुठे आहे ते आपोआप कळणार. कल्पना चांगली होती. पण ज्या भागांत स्मार्टफोन आणि गाड्या जास्त, तिथलेच खड्डे जास्त दिसण्याचा धोका होता. म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या वस्त्यांतले रस्ते कागदावर गुळगुळीत ठरले असते. त्या कार्यालयातल्या लोकांनी हे ओळखले आणि उपाय शोधला, म्हणून तर आपल्याला ते कळले. हे काय आहे? हे खड्डे आहेत की फोन आहेत?

स्टॅटिस्टिक्स या शब्दाचा प्रवास मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो पुण्यातून जातो. १७४९ मध्ये ग्योटिंगेनच्या गोटफ्रीड आखेनवाल यांनी जर्मनमध्ये हा शब्द रूढ केला. त्यात ‘स्टाट’ म्हणजे राज्य आहे. कोणत्या राज्याकडे किती सैन्य, किती महसूल, किती जमीन, हे त्या शास्त्राचे विषय होते. इंग्रजीत तो शब्द आणला स्कॉटलंडच्या सर जॉन सिंक्लेअर यांनी. १७९१ पासून त्यांनी गावोगावच्या पाद्र्यांकडून माहिती मागवून स्कॉटलंडचा वृत्तांत एकवीस भागांत छापला. जर्मन लोक या शब्दाने देशाची राजकीय ताकद मोजतात, मी मात्र तिथल्या रहिवाशांच्या वाट्याला किती सुख आले आहे आणि ते वाढवायचे कसे हे शोधतो आहे, असा खुलासा त्यांनी केला. म्हणजे इंग्रजीत शिरतानाच या शब्दाने समाजशास्त्राचा हात धरलेला होता.

तो हात पुढे सुटला. १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनचा ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. पेशवाई जाऊन सहा वर्षे झाली होती. साइक्सने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत पिके, जमिनी, माणसे, पाऊस, पक्षी, सगळे नोंदवले. विलायतेला परतल्यावर १८३४ मध्ये लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी ज्यांनी स्थापन केली, त्यांत तो होता. पुढे तिचा अध्यक्षही झाला. त्या सोसायटीच्या मुद्रेवर गव्हाची पेंढी होती आणि खाली लॅटिन बोधवाक्य, ज्याचा आशय असा की मळणी दुसऱ्यांनी करावी. आम्ही तथ्ये बांधून देऊ, अर्थ लावायचे काम आमचे नाही. १८५७ मध्ये ते बोधवाक्य काढून टाकले गेले. चांगले झाले. पेंढी बांधणाऱ्याने कोणते ताट घ्यायचे आणि कोणते बांधावर सोडायचे हे ठरवलेलेच असते, म्हणजे अर्थ लावायला त्याने तिथेच सुरुवात केलेली असते.

साइक्सच्या थोडे आधी, १८२० च्या सुमारास, डॉक्टर थॉमस कोट्स यांनी पुण्याच्या पूर्वेच्या लोणी गावाचा वृत्तांत लिहिला. घरे, कपडे, जेवण, कर्ज, बलुतेदारांचे हक्क. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी गोविंद सदाशिव घुर्ये त्याच गावात गेले आणि १९६० मध्ये ‘लोणीकंद तेव्हा आणि आता’ अशा आशयाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. मालवणात जन्मलेले घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या विभागाचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. १९१९ ते १९२४ गेडिस मुंबईत होते, आणि त्यांचा आग्रह एका वाक्यात सांगण्याजोगा होता: आधी पाहणी, मग आराखडा. गल्ल्यांतून पायी हिंडल्याशिवाय नकाशावर रेघ मारायची नाही. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याऐवजी पडके घर तेवढे काढा, विहिरीपाशी मोकळी जागा सोडा, झाड जपा, असे ते नगरपालिकांना सांगत. १९१५ मध्ये त्यांनी ठाण्यासह मुंबई इलाख्यातल्या गावांचे अहवाल लिहिले.

आणि हॅरल्ड मान. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्राचार्य पिंपळे सौदागर या गावी गेले. घरोघर विचारून, शेताचे तुकडे मोजून, कर्जाचे व्याज लिहून त्यांनी १९१७ मध्ये ‘दख्खनच्या एका गावातली जमीन आणि श्रम’ या विषयावर पुस्तक काढले. भारतातल्या गावपाहण्यांच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोजले जाते. बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, पिंपरी-चिंचवड शहर केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले, आणि शहरातला जो भाग विशेष विकासासाठी ठरला त्यात पिंपळे सौदागर आहे. सौदागर म्हणजे व्यापारी, तो शब्दही फारसी. जिथे मान यांनी शेताच्या तुकड्यांची यादी केली तिथे आता उंच इमारती आहेत. एकाच जागेची शंभर वर्षांची नोंद हाताशी असणे हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते.

पुण्याच्या बाबतीत तर ही परंपरा आणखी सलग आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. लगेच १९५६ मध्ये एन. व्ही. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची फेरपाहणी आली. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, पण त्यांच्या पाहणीत पेठा, जाती, घरभाडे, मिळकत, शिक्षण हे सगळे एकमेकांशी बांधलेले आहे. आजच्या भाषेत त्याला विदा-विश्लेषण म्हणता येईल आणि समाजशास्त्रही. त्या काळी त्याला फक्त पाहणी म्हणत.

पाहणी हा शब्द पेशवाईच्या महसुलातला. उभे पीक पाहून आकारणी ठरवायची. इंग्रजी ‘सर्व्हे’च्या पोटात ‘वरून पाहणे’ आहे, आपल्या पाहणीत ‘वरून’ नाही. नजर कुठून टाकायची ते पाहणाऱ्यावर सोडलेले आहे.

आता मोजायचे काय, हा प्रश्न. जनगणना हा अलीकडचा शब्द. आजोबांच्या पिढीच्या तोंडी खानेसुमारी होती. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजदाद. खानेसुमारी घरे मोजते, शिरगणती डोकी मोजते, आणि आपली बोलीभाषा गाव सांगताना उंबरे मोजते: दीडशे उंबऱ्यांचे गाव. चौथे माप चुलीचे. भाऊ वेगळे झाले हे सांगायला आपण म्हणतो, त्यांनी वेगळी चूल मांडली. भारताच्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्या नेमकी हीच आहे: सहसा एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. घर, डोके, उंबरा आणि चूल ही चार मापे खेड्यात बहुधा जुळतात. शहरात ती फुटतात. गिरणगावात एका खोलीत पाळ्यांनी झोपणारे कोकणातले आणि घाटावरचे गडी जेवायला खानावळीत जात. त्यांचा उंबरा एक, चूल दुसऱ्याच्या घरात, आणि कुटुंब रत्नागिरीला. १८६४ च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली आणि १८७२ मध्ये ६,४४,४०५. मधल्या काळात अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली होती. पावणेदोन लाख माणसे शहरातून गेली, हे आकडा सांगतो. ती कुठे गेली, ती मुळात मुंबईची होती का, हे सांगायला त्याला सोबत लागते.

त्यातून कुटुंब या शब्दाची मराठीत एक खास गोष्ट. जुन्या वळणाचा माणूस ‘आमचं कुटुंब’ म्हणतो तेव्हा तो बायकोबद्दल बोलत असतो. कुटुंबात किती जण, या प्रश्नाला त्याने गोंधळून पाहिले तर दोष प्रश्नाचा. ‘काम’ तर त्याहून अवघड. सोलापूर हे स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांतले. तिथल्या कितीतरी बायका घरात बसून विड्या वळतात. काम करता का, असे विचारले तर उत्तर येते, नाही, घरीच असते. दिवसभरात काय काय करता, असे विचारले तर पान कापण्यापासून जुडी बांधण्यापर्यंत सगळे सांगतात. पहिल्या प्रश्नाने एक कामगार शहराच्या नोंदीतून नाहीशी होते. बसचा मार्ग, पाळणाघर, दवाखान्याची वेळ, हे सगळे मग तिला वगळून ठरते. कितीही चांगले गणित पुढे लावले तरी ती परत येत नाही. मुंबईत खानावळी चालवणाऱ्या बायकांचे असेच होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा त्यांचे काम हे काम म्हणून लोकांच्या नजरेत आले.

प्रश्न कसा विचारायचा याला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. चौकशी म्हटले की पोलीस आठवतात. मुलाखत म्हटले की नोकरी. विचारपूस म्हटले की माणूस खाटेवर जरा सरकून बसायला जागा करतो. यातले विचारणे संस्कृतात मनात घोळवणे होते. मराठीने त्याला दुसऱ्याला प्रश्न करणे असा अर्थ दिला, म्हणजे विचार करायला दुसरा माणूस लागतो हे ओळखले. आणि पुसणे हे एकच रूप दोन वेगळ्या धातूंतून झिजत आलेले आहे. पृच्छतिपासून आलेले पुसणे म्हणजे विचारणे, आणि प्रोञ्छतिपासून आलेले पुसणे म्हणजे फडक्याने साफ करणे. विश्लेषणाच्या कामात ‘डेटा साफ करणे’ ही मोठी पायरी असते. रिकामे रकाने, दुबार नावे, न पटणारी उत्तरे काढून टाकायची. ते करावेच लागते. पण एका खोलीत चौदा माणसे हे उत्तर चुकीचे समजून पुसून टाकायचे, की जाऊन पुन्हा पुसायचे? धारावी ज्याने आतून पाहिली आहे तो फडके उचलणार नाही.

पुसण्याचे सर्वांत धीट उदाहरण मला १९८५ चे वाटते. मुंबईच्या भायखळ्यात स्पार्क या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी केली. तिचे नाव ‘आम्ही अदृश्य’. फुटपाथवर राहणाऱ्यांना एरवी यादीत जागा नव्हती, कारण त्यांना ना खाना होता ना उंबरा; चूल मात्र होती. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले, तरी झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. मोजणीमुळे घरे लगेच वाचली असे नाही. पण कुठून आलात, कधीपासून आहात, कामाला कुठे जाता, याची उत्तरे स्वतःच्या हातात असलेल्या बायकांना पुढे महापालिकेच्या दारात बोलता आले. पुण्यात शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांचे घरनिहाय नकाशे करण्याचे काम उभे केले. कुठल्या घराला संडास नाही आणि मलनिस्सारणाची वाहिनी किती जवळून जाते, हे एकाच नकाशावर दिसू लागले तेव्हा घरोघर संडास ही गोष्ट आवाक्यात आली. यात उपग्रहाचा नकाशा आहे आणि दारात उभे राहून विचारलेला प्रश्नही आहे. मला जे म्हणायचे आहे त्याचा हा चालताबोलता नमुना.

राहिला स्मार्ट. जुन्या इंग्रजीत तो झोंबणारा, वेदना देणारा असा होता. जर्मनमधला दुखण्याचा शब्द त्याचा नातलग. झोंबणारा फटका, मग झटपट, मग तरतरीत, मग हुशार, असा तो पुढे सरकला. मराठीत तीक्ष्णपासून तिखट आले आणि तिखट पोरगी म्हणजे चलाख पोरगी, तसेच काहीसे. २५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी योजना सुरू झाली, पुढे टप्प्याटप्प्याने शंभर शहरांच्या नावामागे हा शब्द लागला, आणि त्या शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदे, त्यावर डॅशबोर्ड. डॅशबोर्ड हा घोडागाडीचा शब्द आहे. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल आत बसलेल्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. नाशिकचा फलक निगमसभेकडे तोंड करून होता; ही फळी रस्त्याकडे पाठ करून आहे.

मात्र ‘कंट्रोल’ या शब्दाने मला उमेद दिली. तो लॅटिनमधल्या ‘कोन्त्रा रोतुलुस’पासून आला, म्हणजे समोरची गुंडाळी, दुसरी वही. हिशेबनिसाच्या वहीवर विश्वास न ठेवता शेजारी तोच हिशेब वेगळ्या माणसाने लिहायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे, हा कंट्रोलचा मूळ अर्थ. मराठीत याला पडताळा म्हणतात. कौटिल्यानेही गोपाची नोंद ताडून पाहायला गृहस्थांच्या वेशात हेर पाठवले होते. त्याची दुसरी वही गुप्त होती. आपली उघडी ठेवता येईल. नियंत्रण कक्षाच्या पहिल्या वहीत कॅमेरे, मीटर आणि संवेदक लिहितात. दुसरी वही लिहायला माणसे लागतील, आणि ती लिहायची कशी हे मान, गाडगीळ, घुर्ये यांनी दाखवून ठेवले आहे.

सुरुवात पिंपळे सौदागरपासून व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. मान यांच्या यादीतल्या जमिनी कोणाकडून कोणाकडे गेल्या, जुन्या गावठाणातली घरे आज कोणाला भाड्याने आहेत, उंच इमारतींत धुणीभांडी करायला येणाऱ्या बाया किती वाजता आणि कशाने येतात, त्यांच्या वस्तीत पाणी किती वाजता येते, आणि त्या वेळी त्या घरी असतात का. संवेदकांनी टिपलेली पाण्याची आणि वाहतुकीची नोंद शेजारी ठेवून ही उत्तरे ताडायची. मग जे निघेल ते मराठीत लिहून प्रभागाच्या सभेत मोठ्याने वाचायचे.